कंपाउंडलगतची रुई

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका जुन्या बैठ्या घराच्या मागच्या अंगणात मला सगळ्यात आवडलेलं पान अर्धं खाल्लेलं आहे. रुईचं पान. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून, बोअरच्या पाइपाशेजारी ही रुई आपोआप उगवली आहे. छातीइतकी उंच, राखाडी-हिरव्या जाड पानांची, पानांवर पांढरट लव. त्या पानाच्या मधल्या शिरेवर, देठापासून दोन बोटं पुढं, एक बारीक काप आहे. कापापाशी चिकाचा थेंब सुकून बसला आहे आणि पुढचं पान मलूल होऊन खाली वाकलं आहे. वाकलेल्या भागावर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची एक अळी निवांत खाते आहे.

बागेचं कौतुक आपण सहसा फुलांपासून सुरू करतो. गुलाब किती टपोरा, जास्वंद किती रंगांची, हिरवळ किती सारखी कापलेली. या अंगणाचं रसग्रहण मी पानांच्या भोकांपासून करतो आहे. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही, तिथं झाडं आहेत, पण त्या झाडांवर कुणाचा संसार नाही. बाग सजीव आहे की नुसती सजवलेली, हे ओळखायला मला याहून चांगली खूण सापडलेली नाही.

आता तो काप. तो अळीनं मुद्दाम घेतलेला आहे. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक वाहतो हे वऱ्हाडातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा चीक विषारी आणि चिकट असतो. इवल्या अळीचं तोंड त्यात चिकटून बसू शकतं. म्हणून प्लेन टायगर फुलपाखराची अळी आधी पानाची मुख्य शीर कुरतडते, चीक तिथंच वाहून जाऊ देते आणि दाब उतरला की पुढचा भाग खायला घेते. चिकातलं जे विष पोटात जातं, त्यातलं काही ती अंगात साठवून ठेवते. पुढं फुलपाखरू झाल्यावर तेच तिचं संरक्षण. एकदा चव घेतलेला पक्षी तांबूस-नारिंगी पंखांच्या, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या या फुलपाखराला पुन्हा सहसा तोंड लावत नाही. म्हणून तर ते इतकं संथ, कुणाचीही पर्वा नसल्यासारखं उडतं. त्याचं ते उडणं नीट पाहावं. घाई नाही, गिरक्या नाहीत, आपले रंग सगळ्यांना दिसावेत अशी चाल. अंडं ते फुलपाखरू हा सगळा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांत होतो, आणि त्यातलं अळीपण रुईच्या कुळातल्या झाडांवाचून पार पडत नाही. अंगणातली रुई उपटली की या फुलपाखराचं या अंगणातलं बाळंतघर गेलं.

रुईवर आणखीही वस्ती आहे. निळ्या-पिवळ्या रंगांचा तो जाडजूड टोळ, ज्याला लहान मुलं घाबरतात आणि मोठी माणसं उगीच मारतात, तो रुईचाच. कोवळ्या शेंड्यांवर पिवळ्या माव्याची दाटी होते आणि तिच्या मागोमाग लेडीबर्डचे लाल-काळे भुंगेरे येतात. फुलांवर येतो मोठा काळा भुंगा. रुईच्या फुलाची रचना इतकी नेमकी आहे की हलक्या कीटकाला तिथं फारसं काम नाही. परागकण सुटे नसतात. इवल्या चिमट्याला जोडलेल्या दोन पिशव्यांत ते बंद असतात. जड भुंगा मधासाठी फुलावर पाय रोवतो, पाय खाचेत अडकतो, ओढून काढताना चिमटा पायाला धरून बाहेर येतो आणि भुंगा तो दुसऱ्या फुलापर्यंत नेतो. फळ फुटलं की आतून रेशमी म्हाताऱ्या उडतात. शिंजीर आपल्या लोंबत्या घरट्याला अशाच मऊ कापसाचं अस्तर लावतो.

या भुंग्याचं घरही याच अंगणात आहे. दोडक्याच्या मांडवाचे बांबू जुने झालेत. त्यातल्या एकाला बोट जाईल एवढं गोल भोक आहे आणि खाली पिवळसर भुसा सांडलेला असतो. तिथं भुंग्याची मादी आत बोगदा करून परागाच्या गोळ्यांवर अंडी घालते. मांडव नवा करायचा म्हणून बांबू चुलीत गेला असता, तर रुईला फुलं आली असती, फळं धरली नसती. असा एका वस्तूचा दुसरीशी असलेला संबंध हळूहळू उलगडत जातो, तेव्हा या अंगणाची खरी चव लागते.

घरच्या काकू मूळच्या अकोटकडच्या. लग्नानंतर जठारपेठेत आल्या आणि इथंच राहिल्या. आजूबाजूची बरीचशी बैठी घरं पाडून अपार्टमेंट झाली, खाली पार्किंगची फरशी आली. काकूंनी मागची बखळ तशीच ठेवली. शेजारणीनं एकदा माझ्यादेखत विचारलं, "काऊन हो काकू, हे रुई कायले ठेवली आंगनात?" काकू म्हणाल्या, "शनिवारी मारुतीले पानं लागतात. अन् हे फुलपाखरं बी तिच्यावरच जगतात नं." मला त्यांनी आपली पद्धत सांगितली ती अशी: "जे आपोआप उगलं ते आधी पाह्यतो मी. मंग उपटाचं का नाही ते ठरवतो." आधी पाहायचं आणि मग ठरवायचं, या एका सवयीवर हे सगळं अंगण उभं आहे. बागकामाच्या पुस्तकांत तण काढण्याची कृती पहिल्या प्रकरणात असते. काकू ते काम पावसाळ्याच्या अखेरीवर ढकलतात.

त्यांनी न उपटलेल्या वस्तूंत सगळ्यात नाट्यमय आहे घोळ. तांबूस देठांची, जमिनीलगत पसरणारी ही भाजी वऱ्हाडात डाळ घालून करतात. चिवळ ही तिचीच बारीक पानांची बहीण. काकू घोळ खुडतात, पण मुळासकट काढत नाहीत, भिंतीच्या कडेचा पट्टा फुलायला सोडतात. त्या पट्ट्यावर श्रावणात एक मादी अंडी घालताना मी पाहिली. पाहताक्षणी वाटलं, प्लेन टायगरच. तेच तांबूस पंख, तीच काळी-पांढरी टोकं. पण प्लेन टायगर घोळीवर अंडी घालत नाही. मागच्या पंखावर पाहावं: प्लेन टायगरच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, हिला फक्त एक, तोही वरच्या कडेशी. ही डनेड एगफ्लाय. हिच्या अंगात रुईचं विष नाही. विषारी फुलपाखराचा वेश घेऊन ती पक्ष्यांपासून वाचते. हिचा नर मात्र अगदी वेगळा, काळ्या पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांच्या कडांना निळी-जांभळी झाक. नक्कल फक्त मादी करते, बहुधा अंड्यांचं ओझं घेऊन पानापानावर रेंगाळणं तिच्याच वाट्याला येतं म्हणून.

विचार केला तर ही नक्कल यशस्वी व्हायला दोन्ही झाडं जवळपास हवीत. रुई नसेल तर मूळ विषारी फुलपाखरू नाही. ते नसेल तर पक्ष्यांना या रंगाची धास्ती नाही, आणि मग घोळीवर वाढलेल्या नकलाकार मादीचा वेश व्यर्थ. जठारपेठेतल्या दहा-बारा फुटांच्या भिंतीलगत, मारुतीची पानं आणि रात्रीची भाजी यांच्या मध्ये, हा पूर्ण प्रयोग चालू आहे. नर्सरीतून आणलेल्या कोणत्याही झाडानं तो उभा राहिला नसता.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जुना कडुनिंब आहे. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना या सावलीची किंमत सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा गच्चीवरच्या कुंड्यांतली झाडं दुपारपर्यंत उकडून निघतात, आणि या निंबाखाली मात्र साळुंक्या चोची उघड्या टाकून बसलेल्या असतात. चैत्रात फुलांचा सडा, मृगाच्या सुमाराला पिवळ्या निंबोळ्या, त्यांच्यावर बुलबुल आणि कोकिळा, रात्री वटवाघळं. पानगळीत पाचोळ्याचा थर पडतो. गल्लीत सकाळी ठिकठिकाणी पाचोळा जळत असतो. काकू तो खोडाभोवती ओढून ठेवतात.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा गाडगेबाबांचा मुलूख आहे. शेंडगावात जन्मलेल्या त्या माणसानं हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली आणि स्वच्छता हा आपल्याकडं धर्माचा भाग झाला. पाचोळा ठेवा म्हटलं की वऱ्हाडी घरात पहिला विरोध या संस्काराचा होतो, आणि तो आदरानं ऐकायला हवा. बाबांनी झाडली ती घाण, जिच्यातून रोगराई होत होती. निंबाखालची वाळकी पानं घाण नाहीत. त्यांच्याखाली काळी माती ओलसर राहते, उन्हाळ्यात कमी भेगाळते, गांडुळं वरच्या थरात टिकतात. पाचोळा चाळवला की वाळवी, गोगलगाय, पैसा आणि विंचवासारखा दिसणारा पण निरुपद्रवी इवला जीव, असं बरंच काही दिसतं. सातभाईंचा थवा कलकलाट करत रोज इथंच उतरतो, पानं उलटी करतो आणि खाऊन निघून जातो. पहिल्या पावसानंतर इथूनच काळपट भेक बाहेर पडतात आणि दिव्याखाली येणाऱ्या किड्यांवर ताव मारतात. काकूंचं घर आतून लखलखीत असतं, दिवाळीत जाळी-जळमटं निघतात, अंगणातली कोळ्याची जाळी मात्र कुणी काढत नाही.

त्या जाळ्यांचं काय होतं ते वांग्याच्या रोपावर कळलं. शिंपी पक्ष्यानं दोन पानांच्या कडा जवळ आणून त्यांना चोचीनं भोकं पाडली होती आणि त्यांतून धागा ओवून द्रोण शिवला होता. धागा म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचे तंतू आणि कापूस. अकोला ही कापसाची बाजारपेठ. वेचणीच्या दिवसांत कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगकडं जातात तेव्हा रस्त्याकडेच्या बाभळींना, बोरींना पांढरे पुंजके अडकतात. जठारपेठेतल्या शिंप्याचं घरटं त्या कापसानं शिवलेलं असतं, ही या गावाची खास गोष्ट आहे. भोकातून बाहेर आल्यावर तंतूचं टोक फुगून बसतं, त्यामुळं टाका निसटत नाही. पान जिवंत राहतं, हिरवंच राहतं, आणि आत कापसाच्या मऊ अस्तरावर अंडी. हाताच्या पंजाएवढ्या जागेत मी पाहिलेलं हे सर्वोत्तम शिवणकाम आहे, आणि त्यासाठी काकूंनी काय केलं म्हणाल तर वांग्यावर औषध मारलं नाही आणि जाळी काढली नाहीत.

लिंबू आणि गोडनिंब यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ही जोडी बहुतेक घरी असते. त्यांच्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं तर बोटानं झटकू नका, ती लाइम बटरफ्लायची लहान अळी असू शकते. मोठी झाली की हीच हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन हिच्याच कुळातलं आणि लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढणारं. चार पानं गेल्यानं लिंबाचं काही बिघडत नाही.

पाण्याची सोय फुटक्या रांजणाच्या बुडाची आहे, नळाखाली, मध्ये एक खडबडीत दगड. उथळ असल्यामुळं मधमाश्या बुडत नाहीत आणि शिंजिराला दगडावर बसून पिता येतं. संध्याकाळी काकू ते पाणी गुलाबाला ओततात, बूड नारळाच्या शेंडीनं घासतात आणि नवं भरतात. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, तेवढी मुदत त्याला इथं मिळतच नाही.

रसग्रहणात उणिवाही सांगायच्या असतात. या अंगणात दोन आहेत. एक म्हणजे दाराजवळची रायमुनिया. पिवळ्या-गुलाबी फुलांचे ते झुबके सुंदर दिसतात, फुलपाखरंही त्यावर गर्दी करतात, म्हणून काकूंचा तिच्यावर जीव आहे. पण ही अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेली झुडपं पक्ष्यांच्या विष्ठेतून रानात पसरली आणि त्यांनी खालचं गवत आणि कोवळी रोपं गुदमरवली. मेळघाट इथून फार दूर नाही. मध पाजणारं झाड आणि पिल्लं वाढवणारं झाड यांत फरक आहे. फुलपाखराला बाग आपली वाटते ती दुसऱ्यामुळं. रायमुनियाच्या जागी मी खुळखुळा लावला असता. त्याच्या पिवळ्या फुलांवर भुंगे येतात, वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजतात, आणि प्लेन टायगरचे नर त्याच्या सुकलेल्या भागांतून रस ओरपतात, कारण मादीला भुलवणारा गंध तयार करायला त्यांना त्यातली द्रव्यं लागतात. कुंपणाला खुळखुळा आला की रुईवर सुरू झालेली गोष्ट पुरी होईल.

दुसरी उणीव पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या चिमण्यांच्या पेटीची. उन्हाळ्यात दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर येतं. पूर्वी या भागातल्या मातीच्या भिंतींत आणि कवेलूंच्या फटींत चिमण्यांना थंड जागा मिळत. सिमेंटच्या घरात पेटी द्यायची तर ती सावलीत, पूर्वेला किंवा उत्तरेला हवी. एवढं केलं तर ती भरेल.

मागच्या कोपऱ्यात तुराट्यांची रास आहे. सरडे आणि सापसुरळ्या तिच्यात राहतात, एकट्या राहणाऱ्या बारीक माश्या काड्यांत अंडी घालतात. तुराट्यांऐवजी पऱ्हाटी ठेवली तर चालेल का, असं मला कुणी विचारलं होतं. नको. पऱ्हाटीवरच्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते, आणि २०१७ साली विदर्भातल्या शेतकऱ्यांनी तिचा तडाखा सोसला आहे. शहरातल्या माणसाच्या निसर्गप्रेमाची किंमत शेतकऱ्यानं मोजू नये.

घराच्या मागच्या दारी असं काही घडतं याचं एक मोठं लिखित काम इंग्लंडमध्ये झालं. जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी लेस्टर शहरातल्या आपल्या घरच्या बागेत १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं नोंदी ठेवल्या. बाग साधीच, भाज्या आणि फुलांची, फक्त विषारी फवारे वर्ज्य. त्या एका बागेत त्यांना २,६७३ जाती सापडल्या, त्यांतले १,९९७ कीटक. आपल्याकडं ठाण्याला घोडबंदर रस्त्यालगत राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या दोन एकरांत अळ्यांची खाद्यझाडं लावली आणि तिथं फुलपाखरांच्या शंभराहून अधिक जाती येऊ लागल्या. पुण्यात वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका हेमा साने यांचं बुधवार पेठेतलं वीज न घेतलेलं, झाडांनी वेढलेलं घर २०१९ साली देशभर बातमीचा विषय झालं. ही तिन्ही माणसं शिकूनसवरून या कामाला लागली. काकू मारुतीच्या हारापासून सुरू करून त्याच ठिकाणी पोचल्या. मला त्यांचं अंगण त्या तिघांच्या पंगतीतलं वाटतं.

जमिनीचाही त्यात वाटा आहे. अकोला जिल्ह्याचा मोठा पट्टा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरींचं पाणी शोभेच्या नाजूक झाडांना झेपत नाही. रुई, घोळ, तरोटा, निंब, बोर यांना कुणी पाणी घालत नाही आणि ती मरत नाहीत. तरोट्याची कोवळी भाजी आपण खातो, उरलेल्यावर लहान पिवळी फुलपाखरं वाढतात. या मातीनं स्वतः निवडलेली ही झाडं आहेत, आणि वऱ्हाडातल्या अंगणाची शोभा मला त्यांच्यातच दिसते. बाहेरून आणलेल्या हिरवळीचा गालिचा इथं कधीच शोभला नाही.

भीतीचंही बोललं पाहिजे. साप येतील का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. येऊ शकतात. उंदीर जिथं सांडलेलं धान्य आणि उघडा कचरा मिळतो तिथं येतात आणि साप उंदरांमागं. म्हणून तुराट्यांची रास घराच्या भिंतीपासून लांब असावी, दारापर्यंतची वाट मोकळी आणि उजेडाची असावी, रात्री पायात चप्पल आणि हातात बॅटरी असावी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा लहान मुलांना तिच्या पानांशी खेळू देऊ नये आणि पान तोडल्यावर हात धुवावेत. काकू या सगळ्याची काळजी घेतात. रानाला घरात आणायचं नाही, त्याला एक कोपरा द्यायचा, ही मर्यादा त्यांना पक्की कळलेली आहे.

जठारपेठेत, रामदासपेठेत, उमरीकडं, किंवा अमरावतीच्या जुन्या वस्त्यांत ज्यांच्या घरामागं कंपाउंडलगत हातभर माती अजून उघडी आहे, त्यांना माझी विनंती आहे. यंदा मृगाआधी तिथं फरशी बसवायचा विचार असेल तर एक पावसाळा थांबा. काही लावू नका, काही उपटू नका, औषध मारू नका. काय उगवतं ते दसऱ्यापर्यंत पाहा. रुई आली तर तिची पानं उलटी करून खालची बाजू पाहा, अंडी तिथं असतात. फरशीचं त्यानंतर ठरवा.